तयार डब्ल्यूडीएम-२ मॉडेल खऱ्या इंजिनासारखे दिसण्यासाठी काय बदलावे?

तुमचे एचओ स्केलचे (१:८७ प्रमाणातले) डब्ल्यूडीएम-२ हे भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे मॉडेल खेळण्यासारखे दिसते आणि ते सुधारायला सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. ब्लेड हातात घेण्याआधी एक क्रमांक ठरवा. अमुक क्रमांकाचे, अमुक लोको शेडचे (इंजिने ठेवण्याच्या-दुरुस्तीच्या ठिकाणाचे), अमुक वर्षातले इंजिन. ही इंजिने १९६२मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आली, १९६४पासून वाराणसीला बनू लागली आणि पुढे कित्येक दशके धावली. एवढ्या काळात ब्रेक, हेडलाइट, जाळ्या, रंग सगळे बदलत गेले. जंबो म्हणतात त्या इंजिनांचा शॉर्ट हूड (केबिनपुढचा आखूड भाग) तर केबिनइतकाच रुंद आहे. त्यामुळे दुसऱ्याच डब्ल्यूडीएम-२चा फोटो बघून केलेले काम जाणकाराला लगेच खटकते. दोन्ही बाजू, दोन्ही टोके आणि जमल्यास पुलावरून घेतलेला छताचा असे एकाच काळातले फोटो जमवा.

मग मोजमाप. बफरसहित (टोकांवरच्या धक्का झेलणाऱ्या दांड्यांसह) लांबी १७.१२ मीटर, म्हणजे १:८७ला सुमारे १९७ मिमी. चाक १०९२ मिमीचे, म्हणजे मॉडेलवर साडेबारा मिमी. बोगीतले (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्यातले) तीन अ‍ॅक्सल समान अंतरावर नसतात, हे आवर्जून तपासा. ते समान असतील तर वरचे कितीही बारकावे केले तरी इंजिन डब्ल्यूडीएम-२ वाटणार नाही. अल्कोच्याच सहा-अ‍ॅक्सल आरएसडी मालिकेच्या मॉडेलची ट्रायमाउंट बोगी (अशीच असमान अंतराची तीन-अ‍ॅक्सल बोगी) इथे उपयोगी पडते.

ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १६७६ मिमी; ते एचओत १९ मिमीहून थोडे जास्त, आणि आपला मॉडेलचा रूळ १६.५ मिमीचा. मी गेज बदलत नाही. बोगीच्या बाजूच्या फ्रेम योग्य रुंदीवर बाहेर ठेवतो. आतली फट सावलीत जाते आणि गाडी सगळ्या पॉइंट्सवरून (रूळ बदलण्याच्या जागांवरून) नीट धावते.

सर्वांत जास्त वेळ हेडस्टॉकला (टोकाच्या आडव्या तुळईला, जिथे बफर आणि कपलिंग असतात) द्या, कारण समोरून नजर तिथेच जाते. व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातले इंजिन असेल तर जाड व्हॅक्यूम होजपाइप हवा. दुहेरी ब्रेकचे असेल तर त्याच्यासोबत एअर ब्रेकचे पाइपही हवेत: ब्रेक पाइपचा अँगल कॉक (पाइप उघडण्या-बंद करण्याची तोटी) हिरवा, फीड पाइपचा पांढरा. एवढ्याशा दोन ठिपक्यांनी सगळा चेहरा जिवंत होतो! बफर, स्क्रू कपलिंग किंवा सीबीसी (मधोमध बसणारे सेंटर बफर कपलर), काऊकॅचर (पुढची अडथळे बाजूला सारणारी जाळी), पायऱ्या, सगळे फोटोवरून ताडून बसवा. पण आधी तुमच्या सर्वांत तीव्र वळणावर गाडी फिरवा. काऊकॅचर बोगीला घासत असेल तर तो आतून थोडा तासावा लागतो.

साच्यातच ओतलेले हॅन्डरेल चपट्या ब्लेडने अलगद खरवडून काढा, पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) भोके पाडा आणि ०.३ ते ०.४ मिमीची पितळी तार बसवा. सुपरग्लू आतल्या बाजूने लावला की बाहेर डाग राहत नाही. रेडिएटरच्या पंख्यावर भरीव प्लास्टिकची जाळी असेल तर ती कापून एच केलेली (रसायनाने कोरलेली धातूची बारीक जाळी) लावा. आतला पंखा दिसू लागतो, आणि माझ्या मते छतावरचा हा सर्वांत मोलाचा बदल आहे.

जुन्या काळच्या हेडलाइटला पिवळसर एलईडी घ्या, १२ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडून. थंड पांढरा प्रकाश तिथे अजिबात शोभत नाही.

रंग मूळ छटेपेक्षा किंचित फिकट मिसळा. लहान वस्तूवर तो गडद भासतो. डिकलखाली (क्रमांक-अक्षरांच्या चिकटवायच्या छापाखाली) ग्लॉस वार्निश, वर मॅट. क्रमांक आणि शेडचे नाव कोणत्या लिपीत, कुठे, हे फोटोच सांगेल. शेवटी एक्झॉस्टभोवती आणि त्यामागच्या छतावर काजळी, बोगीवर ब्रेकची तांबूस धूळ, टाकीच्या तोंडाखाली डिझेलचा ओघळ. हे थरावर थर पातळ द्या आणि प्रत्येक थर वाळल्यावर फोटोशी ताडून पाहा.

क्रमांक ठरला की फोटोसह इथेच कळवा. ब्रेक कोणत्या काळातले हे हेडस्टॉकवरून ओळखता येते, ते मी बघून सांगेन.