तिन्ही तारा आपसात भांडत असतील तर हवेला दोष देऊ नका

खारघरच्या फ्लॅटमधला अपराइट (उभा) पियानो जुलैत सुरात लावलात, आठ दिवसांत मधल्या सप्तकातले युनिसन (एकाच पट्टीच्या तीन तारांचा एकसूर) फाटले, गिऱ्हाईक पैसे अडवून बसलंय आणि तुम्ही विचारताय, "पावसाळी हवेचा परिणाम असेल का?" वाचून मला माझाच एक ऑगस्ट आठवला.

टेंपरामेंट, फेल्टची पट्टी, बीट मोजणं या सूर लावण्याच्या प्राथमिक गोष्टींत शिरत नाही, ते तुम्हाला येतंच. हवेचं म्हणाल तर पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) ओल पितो, फुगतो, त्यावरचा ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) तारांवर दाबला जातो आणि सूर चढतो. सगळ्यात जास्त मध्यावर. पण एका पट्टीच्या तिन्ही तारा साधारण एकत्रच चढतात. त्यामुळे ब्रेकच्या (खर्जाच्या आणि वरच्या तारांचे संच बदलतात त्या सांध्याच्या) अलीकडचं-पलीकडचं जुळेनासं झालं तर हवा म्हणा. एकाच पट्टीच्या तारा आपसात भांडायला लागल्या, तर राग मानू नका, बहुतेक वेळा आपला हात चुकलेला असतो. (पियानो न पाहता बोलतोय. तारा गुंडाळलेल्या पिनच ढिल्या असतील तर माझं सगळं म्हणणं रद्द.)

माझा किस्सा ठाण्यातल्या एका सभागृहातला. नाव घेत नाही. संध्याकाळी कार्यक्रम, पियानो मध्यावर ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरापेक्षा पंधराएक सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढलेला, म्हणजे काम सूर उतरवायचं. अर्ध्या तासात शेजारच्या ऑफिसातून शिपाई आला, "अहो, जरा हळू वाजवा, साहेबांची मीटिंग चाललीय." आणि मी ऐकलं! पुढचे तीन तास बाळ झोपवल्यासारख्या पट्ट्या दाबत बसलो.

सूर उतरवताना पिन आणि तारांना दाबून धरणाऱ्या प्रेशर बारच्या मधला तारेचा तुकडा आधी सैल पडतो, वाजणाऱ्या भागाचा ताण मात्र घर्षणामुळे चढाच राहतो. पट्टी जोरात ठोकल्याशिवाय दोन्हीकडचा ताण सहसा सारखा होत नाही. मी ठोकलंच नाही, ते काम रात्री कलाकाराने केलं. दुसऱ्याच रचनेत त्याने दणदणीत कॉर्ड वाजवले आणि मध्यंतरापर्यंत मधला सी कुणीतरी दोन गळ्यांनी गातंय असा वाजायला लागला. मी शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलेलो.

वर त्याच ऑफिसने सकाळपासून मागितलेला एसी कार्यक्रमाच्या वीस मिनिटं आधी लावला, आणि बिलासाठी "काम समाधानकारक" असा दाखला आणा म्हणाले. कुणाकडून, तर त्याच साहेबांकडून! चार चकरा मारल्या, मग नाद सोडला.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: ठोकायला मिळणार नसेल तर काम घ्यायचं नाही. प्रत्येक तार किंचित खाली न्यायची, तीन-चार दणके द्यायचे, मग खालून वर आणून पिन बसवायची. लिव्हर (पिन फिरवायची किल्ली) बाराच्या काट्यासारखा उभा ठेवा. तीनवर आडवा धरला की पिन फिरण्याऐवजी वाकते. सूर दाखवणारा मीटर खूश होतो, पण हात काढला की पिन परत सरळ होते. ॲप वापरण्यावर माझा राग नाही, पण युनिसन कानानेच लावा. पडद्यावर तिन्ही तारा हिरव्या दिसतात आणि तरी एकत्र वाजल्या की सूर हलतो, हे तुम्हीही पाहिलं असेलच. काही जण मऊ हातानेही टिकाऊ काम करतात म्हणे. मला जमलेलं नाही.

खारघरला परत जाल तेव्हा पैशांचा विषय आधी काढू नका. त्यांच्यासमोर एक पट्टी घ्या, दोन तारा पाचरीने बंद करा, एकेक ऐकवा, मग तिन्ही सोडा. फरक त्यांनाही कळतो. पियानो खिडकीला लागून असेल तर आतल्या भिंतीकडे सरकवायला सांगा आणि दोनतीनशेचं आर्द्रतामापक वर ठेवून या. आणि पिनेवर तेलाचा फवारा मारलाय का, ते जरूर विचारा. गंज जावा म्हणून मारलेला मी दोनदा पाहिलाय. तसं असेल तर ते काम अंगावर घेऊच नका.