बिलाच्या पहिल्या ओळीत दुहेरी उभी रेघ येते, थर्मल प्रिंटर बदलला तरी जात नाही. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की सकाळचं पहिलं बिल स्वच्छ येतं आणि दुसऱ्यापासून दुकानाच्या नावाआधी रेघ येते, त्यातच उत्तर आहे. प्रिंटर परत करू नका, तो चांगला आहे.

मी हेच एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर पाहिलंय. कॅश ड्रॉवर उघडायची कमांड बिल कापल्यावर सगळ्यात शेवटी जाते, १बी ७० ०० १९ एफए, हेक्समधले (सोळाच्या पद्धतीतले) पाच बाइट. शेवटचा एफए, म्हणजे २५०, हा वेळेचा आकडा. ती स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, जोडून यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीतून पाठवली की १२७ च्या वरच्या प्रत्येक आकड्याचे दोन बाइट होतात, म्हणजे एफएचे झाले सी३ आणि बीए. प्रिंटर सी३ लाच वेळेचा आकडा धरतो, ड्रॉवर व्यवस्थित उघडतो, त्यामुळे तिकडे कुणाला संशयच येत नाही, आणि उरलेला बीए अक्षर म्हणून बफरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या तात्पुरत्या मेमरीत, पडून राहतो, तो पुढच्या बिलाच्या पहिल्या ओळीसोबत छापला जातो. कोड पेज ४३७ मध्ये, म्हणजे प्रिंटर वापरतो त्या अक्षरांच्या तक्त्यात, बीए म्हणजे तुमची ती दुहेरी उभी रेघ!

बिलाच्या सुरुवातीला रीसेटची कमांड १बी ४० टाकली की रेघ जाईल, पण प्लीज तेवढ्यावर थांबू नका. उद्या लोगो टाकाल, त्यातले १२७ च्या वरचे सगळे बाइट असेच फुगतील आणि हातभर कागदावर कचरा येईल.

कमांड म्हणजे मजकूर नाही. त्या बाइट ॲरेमध्येच ठेवा, फक्त मजकूर ४३७ मध्ये एन्कोड करून त्याच ॲरेत जोडा आणि विंडोजवर रॉ म्हणून, म्हणजे ड्रायव्हरने काही न बदलता, पाठवा. प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या नवीन डॉटनेटमध्ये असेल तर ४३७ साठी कोड पेज प्रोव्हायडर आधी रजिस्टर करावा लागतो, नाहीतर एरर येते. जुना कोड स्ट्रिंगवरच चालत असेल आणि मजकूर साधा इंग्रजी असेल तर यूटीएफ-८ ऐवजी लॅटिन-१ हे एन्कोडिंग चालेल, त्यात ० ते २५५ जसेच्या तसे जातात, विंडोज-१२५२ मात्र नको, त्यात हेक्स ८० ते ९एफ बदलतात.

रुपयाचं चिन्ह ४३७ मध्ये नाहीच, तिथे सरळ आरएस लिहा. मराठीत बिल हवं असेल तर ओळ इमेज करून पाठवा, ८० मिमीच्या प्रिंटरवर बहुतेक वेळा ५७६ ठिपके, एका बाइटमध्ये आठ, म्हणजे ठिपक्यांच्या ओळीला ७२ बाइट.

आणि डेटा आयबीएमच्या एएस/४०० या सर्व्हरवरून येत असेल तर वेगळं बघा, तिथे ईबीसीडीआयसी या आयबीएमच्या अक्षरसंचात एस्केप (कमांडचा पहिला बाइट) हेक्स २७ असतो आणि नेहमीच्या आस्कीत दशमान २७, म्हणजे हेक्स १बी, या दोन २७ मध्ये भले भले अडकतात.

आधी प्रिंटरऐवजी फाइलमध्ये आउटपुट घ्या, हेक्स व्ह्यूअरमध्ये शेवटचे बाइट बघा आणि इथे टाका.