वाचकांचे प्रश्न : जेनेसिस आणि सात मात्रा

प्रश्न : जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३) हा अल्बम ऐकतो आहे. चाली आवडतात, पण ठेका धरायला गेलं की हात चुकतो. जुनी एलपी मिळाली, तिचा आवाज बारीक येतो आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी फाटतो. दोष प्लेअरचा आहे का?

उत्तर : आधी ठेका. 'द सिनेमा शो' हे गाणं साधारण सहाव्या मिनिटानंतर ७/८ मध्ये, म्हणजे सात मात्रांच्या आवर्तनात शिरतं. चारचार मोजत राहिलात तर दुसऱ्याच आवर्तनात चुकाल. रूपक हा सात मात्रांचा ताल कानात असेल तर सातचं अंतर लगेच पकडता येईल, मात्र रूपकाची सम (पहिली मात्रा) खालीची, म्हणजे टाळी न देता मोजायची असते, इथे तशी अपेक्षा ठेवू नका. फिल कॉलिन्सचे ड्रम्स धरून ठेवा आणि टोनी बँक्सच्या सिंथेसायझरची चाल मोकळी सोडा. ती सातच्या चौकटीत अडकून न पडता पुढे धावते, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

याच अल्बममधल्या 'फर्थ ऑफ फिफ्थ'च्या सुरुवातीचा पियानो अधिक अवघड : २/४ बरोबर १३/१६ आणि १५/१६चे तुकडे येतात. तिथे पहिलं मिनिटभर टाळी देऊच नका. त्यापेक्षा तिसऱ्या मिनिटानंतर पीटर गेब्रिएलची बासरी नीट ऐका आणि ती चाल गुणगुणता येईल इतकी पाठ करा. मग सुरुवातीचा पियानो सिंथेसायझरवर परत येतो आणि त्यानंतर स्टीव्ह हॅकेटची गिटार बासरीचीच चाल उचलते, संथ, लांब सूर धरत, जवळजवळ तीन मिनिटं. बासरी पाठ नसेल तर हा भाग नुसता छान सोलो वाटतो. पाठ असेल तर प्रत्येक सूर कुठून आला ते कळतं. या अल्बमवर लोक पन्नास वर्षं जीव टाकतात ते अशा जागांसाठी.

आता एलपी. पहिली बाजू सुमारे २५ मिनिटांची, दुसरी २८च्या वर. एवढं संगीत बसवायला खाचा जवळजवळ आणि उथळ कापाव्या लागतात. म्हणून आवाज बारीक आणि खरखर ठळक. त्यात 'द सिनेमा शो' येतं दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच जागेत तेच तीव्र सूर दाटतात आणि गोल टोकाच्या सुईला ते वाचता येत नाहीत. लंबवर्तुळी टोकाची सुई लावा, कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) मांडणी प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या मापपट्टीवर) तपासा, सुईचा भार कार्ट्रिजच्या कंपनीने दिलाय तेवढाच ठेवा. भार कमी केल्याने रेकॉर्ड जास्त टिकते हा गैरसमज आहे. सुई खाचेत उडते आणि भिंती खरचटतात. इतकं करूनही फाटत असेल तर खाच आधीच झिजलेली आहे.

सीडी घेणार असाल तर १९९४ची घ्या, तिच्यात मूळ मिक्स (वाद्यं आणि आवाज यांची मूळ जुळणी) आहे. २००८मध्ये ध्वनिमुद्रक निक डेव्हिसचं नवं मिक्स बाहेर आलं; त्यात वाद्यं सुटी ऐकू येतात, पण ओळख मूळ मिक्सपासूनच व्हावी.