वाचकांचे प्रश्न : लाल रेशमावरचा अस्थिकण

प्रश्न : आम्ही ठाण्यातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती. जुन्या घराची दुरुस्ती काढली तेव्हा आजीच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेली पितळेची एक लहान गोल डबी सापडली. तिच्या पुढच्या बाजूला काच असून आत लाल रेशमावर तिळाएवढा तपकिरी तुकडा चिकटवलेला आहे आणि त्याखाली कागदाच्या चिंचोळ्या पट्टीवर ‘एक्स ऑसिबस एस. फेलिसिस एम.’ अशा अर्थाची रोमन अक्षरे आहेत. मागे लाल दोरा व लाखेचा शिक्का आहे. सोबतचा लॅटिन कागद घड्यांवर फाटला आहे. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी डबीला चांगली किंमत द्यायला तयार आहे, कागद मात्र त्याला नको आहे. ही वस्तू खरी आहे का, आणि ती विकावी का?
— एक वाचक, उथळसर, ठाणे

उत्तर : कागद नको म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला डबी देऊ नका, हे आधी सांगतो आणि मग कारणांकडे वळतो.

तुमच्याकडे आहे त्या डबीला थेका म्हणतात. संतांचे पवित्र अवशेष ठेवण्यासाठी चर्चमध्ये जी पात्रे वापरली जातात, त्यांतला हा सर्वांत लहान आणि घराघरांत पोहोचलेला प्रकार आहे. पट्टीवरच्या शब्दांचा अर्थ ‘रक्तसाक्षी संत फेलिक्स यांच्या अस्थींपैकी’ असा होतो. शेवटचे ‘एम.’ हे अक्षर श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या रक्तसाक्षीसाठी आहे. याच जागी ‘एप.’ असते तर तो संत बिशप होता असे समजले असते, ‘व्ही.’ असते तर कुमारिका. ‘ऑसिबस’ म्हणजे अस्थी. संताच्या वस्त्राचा धागा असेल तर तेथे ‘इंदुमेंतो’ किंवा ‘वेस्तिबस’ असा शब्द सापडतो. अवशेषांची जुनी प्रतवारी यावरूनच चालत आली आहे : देहाचा अंश पहिल्या प्रतीचा, संताने वापरलेली वस्तू दुसऱ्या प्रतीची, आणि अशा अवशेषाला स्पर्श करवलेले कापड किंवा वस्तू तिसऱ्या प्रतीची.

आता मागची बाजू पाहा. आतला अवशेष जागच्या जागी बसवल्यावर रेशमी दोरा आडवा-उभा बांधून त्यावर लाख ओततात आणि ती ओली असतानाच बिशपचा किंवा त्या कामासाठी नेमलेल्या धर्मगुरूंचा शिक्का उमटवतात. दोरा तोडल्याशिवाय किंवा लाख फोडल्याशिवाय आत हात घालता येत नाही, एवढ्यासाठीच ही सारी रचना असते. तुमच्याकडचा फाटका कागद म्हणजे या शिक्क्याची दुसरी बाजू आहे. त्याला ऑथेंटिका, म्हणजे अवशेषाचे प्रमाणपत्र, म्हणतात. वर बिशपचे मानचिन्ह, खाली छापील लॅटिन मजकूर, आणि मधल्या मोकळ्या जागांत हाताने लिहिलेले संताचे नाव, डबीचे वर्णन, तारीख व सही, असे त्याचे स्वरूप असते. कागदातले वर्णन तुमच्या डबीशी जुळते का, दोऱ्याचा रंग तोच आहे का, आणि लाखेवरचे मानचिन्ह कागदावरच्या मानचिन्हासारखेच आहे का, एवढे भिंगातून शांतपणे पाहिलेत तर निम्मे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल. कागद नसलेली डबी कोणत्याही नावाने विकता येते. जुन्या रिकाम्या डबीत नवी पट्टी घालून ‘प्राचीन’ अवशेष तयार करणारे लोक आहेत, आणि कागद नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी मला शंका येते ती त्यामुळेच.

मात्र ‘खरी आहे का’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. डबी न उघडलेली आहे आणि अमुक अधिकाऱ्याने अमुक दिवशी तिला मान्यता दिली, हे शिक्का आणि कागद सांगू शकतात. तो कण नेमक्या कोणत्या माणसाचा, हे त्यांना सांगता येत नाही. रोममध्ये 1578 साली जमिनीखालची एक जुनी दफनभूमी योगायोगाने उजेडात आली, आणि त्यानंतरच्या काळात अशा भुयारी दफनभूमींतल्या अस्थी रक्तसाक्षींच्या मानून युरोपभर आणि त्याबाहेरही मोठ्या प्रमाणावर पाठवल्या गेल्या. ज्या थडग्यावर नाव नसे त्यातल्या अस्थींना बहुधा एखादे शुभ अर्थाचे लॅटिन नाव दिले जाई. फेलिक्स म्हणजे भाग्यवान. हे नाव त्यांत वारंवार आढळते. तुमचा फेलिक्स त्यांपैकी असू शकेल, किंवा त्याच नावाच्या परिचित संतांपैकी एखादाही असेल. कागदात ‘दफनभूमीतून काढलेला’ असा उल्लेख आहे का, हे लॅटिन जाणणाऱ्या धर्मगुरूंकडून वाचून घ्या. तसा उल्लेख निघाला तरी आजीच्या श्रद्धेचे मोल कमी होत नाही, असे मला मनापासून वाटते. फक्त इतिहास म्हणून सांगताना तेवढेच सांगावे.

विक्रीबद्दल चर्चचा नियम अगदी स्पष्ट आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील 1190 वे कलम पवित्र अवशेषांची विक्री पूर्णपणे निषिद्ध ठरवते. हा विचार नवा नाही. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेनेही, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या धर्मसभेनेही, जुने अवशेष पात्राबाहेर काढून दाखवू नयेत आणि विक्रीला मांडू नयेत, असे ठरवले होते. ‘आम्ही पितळ विकतो, अवशेष भेट देतो’ ही बाजारातली पळवाट आहे आणि तुमच्यासारख्या कुटुंबाने तिच्यात पडू नये. देशाच्या कायद्याचीही एक बाजू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. घरात ठेवायची असेल तर आदराने ठेवायला चर्चची हरकत नाही. पुढच्या पिढीला ती सांभाळता येणार नसेल, तर कागदासह धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूंकडे सोपवा आणि सोपवल्याची पोच घ्या.

प्रश्न : ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर मी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला गेले होते. आपण अस्थी नदीत सोडतो, मग त्यांच्याकडे त्या चांदीच्या पेटीत का जपतात? आपल्या भागात अशी काही परंपरा होती का?
— एक वाचिका, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि त्यांचा देह 1554 मध्ये गोव्यात आणला गेला. आपण पाहिलेली चांदीची पेटी सतराव्या शतकातल्या गोव्याच्या सोनारांच्या हातची आहे. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग मात्र 1614 मध्ये रोमला नेण्यात आला आणि आजही तेथेच आहे.

प्रथेचे मूळ रक्तसाक्षींच्या थडग्यांत आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना (आजच्या तुर्कस्तानातील इझमीर) येथील बिशप पॉलिकार्प यांना जाळल्यावर त्यांच्या अनुयायांनी अस्थी गोळा केल्या, त्या रत्नांहून मोलाच्या मानल्या आणि दरवर्षी त्यांच्या मृत्युदिनी त्या जागी जमण्याचे ठरवले. पुढे थडग्यांवर वेदी उभ्या राहिल्या आणि 787 च्या निकेया परिषदेने नवी चर्चे अवशेषांवाचून अभिषिक्त करू नयेत असे सांगितले. यामागची धारणा अशी की देह हे टाकून द्यायचे वस्त्र नसून त्याचेही पुनरुत्थान व्हायचे आहे. आपल्याकडच्या अस्थिविसर्जनामागे देहाचा पाश सुटावा ही भावना असते. दोन्हींत मृताविषयीची आस्था तीच, पण देहाविषयीचा विचार वेगळा, आणि म्हणून विधीही वेगळा झाला.

मराठी वाचकाला ही कल्पना तशी परकी वाटू नये. आपल्या भाषेत ‘धातुकरंडक’ हा शब्द आहेच, आणि तो बौद्ध परंपरेतून आला आहे. आपल्या ठाण्यापासून फार दूर नसलेल्या सोपाऱ्याला 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा विटांचा स्तूप खणला, तेव्हा मधोमध एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा होता, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे काही तुकडे होते, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. मातीचे तुकडे सोन्यात ठेवणारा कारागीर आणि तिळाएवढा अस्थिकण रेशमावर बसवणारा कारागीर यांना एकमेकांचे काम सांगावे लागले नसते.

त्याच सोपाऱ्याचा एक ख्रिस्ती धागाही आहे, आणि तो थेट ठाण्यातून जातो. एप्रिल 1321 मध्ये तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री या चौघा फ्रान्सिस्कनांचा, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या संघातल्या धर्मबंधूंचा, ठाण्यात वध झाला. त्यांच्याबरोबर प्रवास करत असलेला जॉर्डानस हा धर्मगुरू त्या वेळी ठाण्यात नव्हता. परत आल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे थोड्याच काळात पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी येथे आला, त्याने त्या अस्थी उकरून घेतल्या आणि जहाजातून सोबत नेत चीनमधल्या जैतून बंदरातल्या, म्हणजे आजच्या च्वानचौमधल्या, आपल्या बांधवांच्या मठात पोहोचवल्या. वाटेत एका घराला आग लागली असता या अस्थींमुळे आपण वाचलो, असे त्याने सांगून ठेवले आहे. तलावपाळीच्या काठावरून सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चसमोरून रोज जाणाऱ्या किती ठाणेकरांना हे ठाऊक असेल! शाळेच्या पुस्तकात ठाण्याचे बंदर आले, तर त्यात या चार माणसांना दोन ओळी तरी मिळायला हव्यात.

प्रश्न : आमच्या घरच्या चांदीच्या अवशेषपात्राला काळेपणा आला आहे आणि पावसाळ्यात काचेच्या आत बाष्प धरते. काय करावे?
— एक वाचक, वाशी

उत्तर : चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लावू नका. घासताना उरलेला ओलावा फटींतून आत जातो आणि रेशीम, डिंक व कागद यांचा नाश करतो. मऊ कोरड्या मलमलीने फक्त बाहेरून पुसा. काळेपणा राहिला तर राहू द्या. काच उघडू नका, कारण एकदा शिक्का फुटला की ते पात्र पुन्हा मान्य करून घेणे कठीण असते. समईजवळ किंवा विजेच्या दिव्याखाली ठेवलेत तर लाख मऊ होते, आणि उन्हात लाल रेशीम विटते. म्हणून लाकडी कपाटात, भिंतीपासून थोडे दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात त्या पुड्या दर पंधरवड्याने बदला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, तिच्यात बाष्प कोंडते. पुढची बाजू, मागचा शिक्का आणि कागद यांची स्वच्छ छायाचित्रे आजच काढून ठेवा, आणि हे पात्र घरात कोणाकडून कसे आले ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून, तारखेसह लिहून, त्या कागदाबरोबर ठेवा.