पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर : शहरी विभागांची तुलना कशी करावी?

तुम्ही विचारलंय, की समतोल प्रादेशिक विकासाच्या अभ्यासात या तीन शहरांसाठी महापालिकेची लोकसंख्या आणि जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न घेतलं तर चालेल का. नाही चालणार. दोन्ही आकडे वेगवेगळ्या हद्दींचे आहेत.

आधी हद्द पक्की करा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका ३१.२४ लाखांची, पण पिंपरी-चिंचवड आणि कॅन्टोन्मेंट धरून नागरी समूह सुमारे ५०.५ लाखांचा. नागपुरात हेच आकडे २४.०५ आणि २४.९८ लाख. आता समूहातल्या सगळ्या रुग्णालयांच्या खाटांना नुसत्या महापालिकेच्या लोकसंख्येनं भागलंत, तर पुण्याचं दरडोई प्रमाण १.६ पट फुगतं, नागपूरचं जेमतेम चार टक्के. चूक सगळीकडे सारखी असती तर निदान क्रम टिकला असता. इथे तोही हलू शकतो. शिवाय पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. आजच्या हद्दीतल्या खाटा आणि २०११ ची जुन्या हद्दीतली माणसं, असा भागाकार करू नका.

जिल्हा उत्पन्न वापरायचं तर शहराचं म्हणून नको, जिल्ह्याचंच म्हणून वापरा. जीएसटीच्या वसुलीवरून तर उलाढाल मुळीच मोजू नका: मुख्य नोंदणी मुंबईत असलेल्या कंपनीची नागपूर शाखेतली विक्रीही बहुधा त्याच नोंदणीखाली जाते.

महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जेवढा मागे तेवढा त्याचा अनुशेष (भरून काढायची तूट) धरला. शहरांना ही पद्धत लावताना एकूण सुविधा भागिले एकूण लोकसंख्या अशी सरासरी काढा, शहरांच्या सरासऱ्यांची सरासरी नको. आणि ती मुंबई धरून एकदा, वगळून एकदा काढा. मुंबईच्या वजनानं कोण किती मागे पडतं, ते तिथेच दिसतं.

पाण्यासाठी मात्र सरासरी सोडा, दरडोई रोज १३५ लिटरचा निकष घ्या. संभाजीनगरसारख्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. सहा दिवसांतून एकदा माणशी ४८० लिटर मिळाले, तर रोजचे ८०च झाले, आणि तेही घरात टाकी असलेल्यालाच साठवता येतात. शहराला पाणी देणाऱ्या जायकवाडी धरणातून रोज किती उपसा होतो, या आकड्यात गळतीही असते. म्हणून नळाशी पोचलेलं पाणी धरा, आणि किती दिवसांआड येतं व किती वेळ राहतं यांचे रकाने झोननिहाय वेगळे ठेवा.