दोन वर्षांच्या मुलाकडून वाटून घेण्याची घाई नको

तुमचा मुलगा नागपूरच्या अंबाझरी उद्यानात दुसऱ्याच्या हातातला चेंडू ओढतो आणि तुम्ही खजील होता, हे मी समजू शकते. परंतु या वयात 'माझे' ही गोष्ट नुकतीच उमगलेली असते आणि मुले एकमेकांसोबत कमी, एकमेकांच्या शेजारी बसून अधिक खेळतात. म्हणून 'दे त्याला' असा हुकूम सोडण्याऐवजी खाली बसून, त्याच्या नजरेला नजर देऊन 'आधी त्याची पाळी, मग तुझी' असे शांतपणे सांगावे आणि ती पाळी खरोखर येऊ द्यावी. त्याने मारले किंवा चावले, तर हात धरून थांबवावे आणि मोजक्या शब्दांत 'नाही' म्हणावे. लांबलचक समजावणी त्या क्षणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. चारचौघांत रागावणे तर मला मुळीच पटत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, म्हणजे विदर्भातला लहान मुलांचा पोळा, मात्र चुकवू नका. लाकडी नंदी ओढत घरोघरी जाणे, दारात थांबणे, बोजारा (मुलांना मिळणारा खाऊ किंवा पैसे) हातात पडेपर्यंत धीर धरणे, हे सारे त्यात सहज घडते. आधीच्या आठवड्यात आजीच्या खोलीच्या दाराशी दोन-तीनदा सराव करून घ्यावा, आणि ऐन गर्दीत तो तुमच्या पायाला बिलगला, तर त्याला पुढे ढकलू नये.