मोदक, खडू आणि डीएसपीसी

प्रश्न : सर, मी कराडला बी. फार्म. थर्ड इयरला आहे. सेमिनारला लिपिड नॅनोपार्टिकल घेतलंय, म्हणजे एमआरएनए (प्रोटीन बनवायचा निरोप नेणारा रेणू) पेशीत पोचवणारा स्निग्ध रेणूंचा सूक्ष्म कण. आयोनायझेबल (आम्लात पॉझिटिव्ह होणारं) लिपिड एमआरएनएला धरून ठेवतं, पेग-लिपिड कण चिकटू देत नाही, एवढं कळलं. पण डीएसपीसी नावाचं लिपिड नुसतं दहा टक्के असतं आणि सगळे त्याला ‘हेल्पर’ म्हणून पुढे जातात. ते काढून टाकलं तर काय बिघडेल? मॅडम हमखास हेच विचारणार.

उत्तर : अगं, मॅडमनी विचारलं तर बरंच होईल, कारण या विषयातली खरी गंमत तिथेच आहे. या ‘हेल्पर’ नावाने फार घोळ केलाय. नाव ऐकलं की वाटतं कोणीतरी वरकाम करणारा, आला तर आला नाही तर नाही. हे नाव चिकटलं ते १९८७च्या सुमारास, जेव्हा अमेरिकेत फेल्गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉझिटिव्ह चार्जच्या लिपिडने डीएनए पेशीत घालून दाखवला. ते पुढे लिपोफेक्टिन नावाने विकायला आलं आणि त्यात पॉझिटिव्ह लिपिड आणि डीओपीई नावाचं दुसरं लिपिड अर्धं-अर्धं होतं. डीएनएला धरायचं काम पॉझिटिव्ह लिपिडचं, म्हणून ते मुख्य, आणि डीओपीई झालं हेल्पर. आता बघ, डीओपीई काढून डीओपीसी घातलं तर काम बरंच ढासळतं. अशा लिपिडला पाण्याकडे राहणारं डोकं आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. या दोघांच्या शेपट्या अगदी एकसारख्या, फरक फक्त डोक्यात, डीओपीईचं डोकं लहान आणि डीओपीसीचं मोठं. एवढ्याशा फरकाने जर एवढं होत असेल तर तो हेल्पर कसला?

हे आकारावरून समजून घे. डीओपीई म्हणजे उकडीचा मोदक. वर बारीक नाक म्हणजे लहान डोकं, खाली फुगलेलं बूड म्हणजे दोन वाकड्या पसरलेल्या शेपट्या. डीएसपीसी म्हणजे खडू, वर-खाली सारखीच जाडी. खडू शेजारी शेजारी उभे लावले की सपाट थर होतो, असे दोन थर शेपटीला शेपटी लावून ठेवले की झालं बायलेयर. मोदक मात्र नाकं एका बाजूला करून घट्ट लावायला गेलीस तर थर सपाट राहतच नाही, नाकांच्या बाजूला वळतो, वळत वळत त्याची नळी होते, आत पाण्याची बारीक धार, नाकं आत, बुडं बाहेर. अशा नळ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या रचल्या जातात, त्याला इन्व्हर्टेड हेक्झागोनल फेज म्हणतात. नुसतं डीओपीई पाण्यात घातलं तर साधारण १० डिग्रीच्या वर ते हेच करतं, म्हणजे अंगाच्या ३७ डिग्रीला तर नक्कीच. डोकं, शेपटीची लांबी आणि शेपटीचं आकारमान यांचा हिशोब इस्राएलाश्विली आणि मंडळींनी १९७६ मध्ये मांडलाय, पॅकिंग पॅरामीटर म्हणून, तो तुमच्या पुस्तकात असेलच पण तिथे कोणी मोदक सांगत नाही.

याचा उपयोग काय, तर पेशी हा कण गिळते तेव्हा तो एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकतो आणि तिथून बाहेर पडला नाही तर आतला माल फुकट. पिशवीच्या भिंतीत निगेटिव्ह लिपिड असतात, तिथल्या आम्लात पॉझिटिव्ह झालेली कणातली लिपिड त्यांच्याशी जोडी जमवतात, आणि अशी जोडीसुद्धा मोदकासारखीच होते. डीओपीई असेल तर आणखी सोपं, भिंत वळते, फाटते, माल बाहेर.

आता तुझं डीएसपीसी. त्याच्या दोन्ही शेपट्या सरळ, १८-१८ कार्बनच्या, सॅच्युरेटेड. वितळायचं तापमान साधारण ५५ डिग्री, म्हणजे अंगात ते थिजलेलंच असतं, हिवाळ्यातल्या वनस्पती तुपासारखं. डीओपीईच्या शेपटीत मधे डबल बॉण्डचा वाकडेपणा, म्हणून ते तेलासारखं वाहतं. कण बनवताना पीएच ४ला आयोनायझेबल लिपिड पॉझिटिव्ह असतं, एमआरएनएला मिठी मारतं, मग पीएच ७.४ला आणलं की त्याचा चार्ज जातो आणि ते तेलाच्या थेंबासारखं मधे जमा होतं. डीएसपीसीला त्या तेलात करमत नाही, त्याला पाण्याकडे डोकं हवं, म्हणून ते मुख्यतः बाहेरच्या कवचात जाऊन बसतं. कोलेस्टेरॉलचा काही भाग तिथेच, दगडी भिंतीत मोठ्या दगडांच्या मधे चिपा मारतात ना तसा. म्हणजे हे दहा टक्के कणाच्या कातडीचे आहेत. ते काढलेस तर कवच कच्चं राहील आणि एमआरएनए आत नीट कोंडला जाणार नाही. आणि उलट वाढवत गेलीस तर बायलेयरचा भाग वाढतो, तेलाचा थेंब एका कडेला सरकतो आणि कणाला फुगवटा येतो, ब्लेब म्हणतात त्याला, ४० टक्क्यांच्या आसपास नेलंस तर बाहेर सरळ लायपोसोम (बायलेयरचा पोकळ फुगा) आणि त्याच्या पोटात तेलाचा गोळा असा प्रकार दिसतो. माल तोच, प्रमाण बदललं की घर वेगळं. २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पॅटिसिरॅन या औषधात प्रमाण ५० : १० : ३८.५ : १.५ आहे, आयोनायझेबल, डीएसपीसी, कोलेस्टेरॉल, पेग या क्रमाने, आणि मॉडर्नाच्या कोविड लशीतही हेच. सेमिनारला ही ओळ फळ्यावर लिही, मॅडम खूश.

प्रश्न : २०२१ मध्ये लातूरला वडिलांना ब्लॅक फंगस झाला होता. डॉक्टर ‘लायपोसोमलच पाहिजे, साधं नको’ म्हणत होते आणि आम्ही चार जिल्हे पालथे घातले. नर्स म्हणाल्या सलाइनमध्ये अजिबात मिसळायचं नाही. असं काय होतं त्यात?

उत्तर : तेव्हाची ती धावपळ अनेकांनी बघितलीय. वडील आता बरे असतील ही आशा. औषध दोन्हीत एकच, अॅम्फोटेरिसिन बी. साध्या इंजेक्शनमध्ये ते डीऑक्सिकोलेट नावाच्या साबणासारख्या पदार्थात विरघळवलेलं असतं आणि ते किडनीला फार त्रास देतं. लायपोसोमलमध्ये ते १०० नॅनोमीटरपेक्षा लहान फुग्यांच्या भिंतीत बसवलेलं असतं, पोटात नव्हे बरं का, भिंतीत. मूळ ब्रँडच्या भिंतीत तीन लिपिड, हायड्रोजन देऊन कडक केलेलं सोयाचं लेसिथिन, डीएसपीजी आणि कोलेस्टेरॉल. डीएसपीजी निगेटिव्ह, औषधाच्या रेणूवर एक पॉझिटिव्ह जागा, दोघांची जोडी जमते. शिवाय हे औषध बुरशीतल्या एर्गोस्टेरॉलला धरून तिला मारतं, कोलेस्टेरॉल त्याचंच भावंड, म्हणून औषध भिंतीतल्या कोलेस्टेरॉललाही थोडं धरून राहतं. अशी दोन्हीकडून बांधलेली भिंत रक्तात सहज सुटत नाही, म्हणून किडनी वाचते आणि डोस जास्त देता येतो. तुमच्यासारख्यांना कुपी शोधत फिरावं लागलं त्याचं एक कारण हा डोसच, किलोला रोज ५ मिलिग्रॅम धरलं तर ७० किलोच्या माणसाला ३५० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ७ कुप्या एका दिवसाच्या, आणि तेही कित्येक दिवस.

सलाइनचं म्हणाल तर नर्सबाईंचं शंभर टक्के बरोबर. हे कण चार्जमुळे एकमेकांपासून लांब राहतात, मिठाने तो चार्ज झाकला जातो आणि गुठळ्या व्हायची भीती असते. म्हणून आधी स्टराइल पाण्यात आणि मग ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला असताना फायझरचे दोन डोस घेतले. आता कळलं त्यात कोलेस्टेरॉल असतं! मला आधीच गोळी चालू आहे. घाबरायचं का?

उत्तर : नाही हो. मोठ्यांच्या एका डोसमध्ये कोलेस्टेरॉल साधारण ०.२ मिलिग्रॅम. एका अंड्याच्या बलकात याच्या जवळजवळ हजारपट असतं. गोळी मात्र चालू ठेवा, ती अंड्यासाठी नाही आणि लशीसाठीही नाही.

प्रश्न : एम. फार्म. प्रोजेक्ट, पुणे. लिपिड नॅनोपार्टिकलमधलं डीएसपीसी काढून तेवढंच डीओपीई घातलं. साइज जवळजवळ तेवढाच आला, पीडीआय (कणांची साइज किती एकसारखी ते सांगणारा आकडा) पण छान. गाइड म्हणतात मग फरक काहीच नाही, पुढे चला. पण सेल लाइनमध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत) रिझल्ट दुप्पट! हे कसं?

उत्तर : गाइडचा मान ठेवून सांगतो, साइज मोजणाऱ्या डीएलएस मशीनने तुला घराची लांबी-रुंदी सांगितली, आत भिंती कुठे आहेत ते नाही सांगितलं. एकाच साइजचे दोन कण आतून पूर्ण वेगळे असू शकतात. क्रायो-टीईएम (सॅम्पल गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघणं) किंवा एक्स-रे स्कॅटरिंग जिथे मिळेल तिथे सॅम्पल पाठव, वेळ मागून घे, भांडून घे. कोलेस्टेरॉलच्या जागी वनस्पतीतलं बीटा-सिटोस्टेरॉल घातलं तेव्हा गोल कण पैलूदार झालेले क्रायोमध्येच दिसले, आणि तेही पेशीत जास्त चांगलं काम करत होते. तुझं दुप्पट बहुतेक एंडोसोममधून सुटण्यामुळे असेल, वर कराडच्या मुलीला मोदकाचं सांगितलंय ते वाच.

पण प्लेटमध्ये दुप्पट आलं म्हणून लगेच पेपर लिहू नकोस. उंदरांमध्ये डीओपीईचे कण रक्तातलं एपोई प्रोटीन जास्त ओढून घेतात आणि लिव्हरकडे जातात, डीएसपीसीचे त्या मानाने स्प्लीनकडे (प्लीहेकडे) झुकतात असं दिसलंय. म्हणजे लस करायची का लिव्हरचं औषध, हे आधी ठरव. डीओपीईच्या डबल बॉण्डला हवा लागली की ऑक्सिडेशन होतं, तेव्हा बाटली नायट्रोजनखाली आणि उणे २०ला ठेव, आणि तुलनेसाठी डीएसपीसीची बॅच परत करणार असशील तर त्याचं इथेनॉल आधी कोमट करून घे, एसीच्या थंडीत ते खाली बसतं आणि तुला वाटतं मिसळलंय.